ड्रमस्टिक फिरवा, पण ठेका सोडू नका: गिरकी शिकण्याचा क्रम

घरी पलंगावर बसून स्टिक झकास फिरते. ड्रमसेटवर बसलं की तीच स्टिक हातातून निसटते, किंवा निसटत नाही पण पुढचा स्नेअर (समोरच्या छोट्या ड्रमवरचा फटका) उशिरा पडतो. अशी तक्रार असणाऱ्यांची बोटं बहुतेक वेळा ठीक असतात, सराव चुकीच्या क्रमाने झालेला असतो. पलंगावरच्या गिरकीला ना सुरुवात असते ना शेवट. सेटवर ती एका फटक्यानंतर सुरू होते, आणि पुढच्या फटक्याआधी स्टिक वाजवायच्या पकडीत परत यावी लागते. मधे जो वेळ मिळतो तेवढाच तुमचा. म्हणून खालचा सगळा क्रम त्या वेळाच्या हिशोबाने लावला आहे.

एक अट आधीच सांगतो. चार बीटच्या एका फेरीत, म्हणजे बारमध्ये, हाय-हॅटवर (पेडलवरच्या झांजांच्या जोडीवर) आठ फटके, बेसवर (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर) १ आणि ३, स्नेअरवर २ आणि ४ हा साधा ठेका मेट्रोनोमबरोबर (ठरल्या वेगाने टिकटिकणाऱ्या यंत्राबरोबर) पाच मिनिटं न अडखळता वाजवता येत नसेल, तर आधी तो बसवा. कच्च्या ठेक्यावर गिरकी चढवली की दोन्ही बिघडतात.

## १. स्टिक, जागा आणि हात

शिकायला ५ए मापाची स्टिक घ्या. लांबी १६ इंच, जाडी साधारण १४ मिलिमीटर, हिकरीच्या लाकडाची. ७ए बारीक आणि हलकी असते. ती फिरते पटकन, पण हातात वजन जाणवत नाही, त्यामुळे ती कुठवर आली हे बोटांना कळत नाही. २बी जड आहे, दहा मिनिटांत बोटं शिणतात. ताशाच्या काड्यांवर शिकायचा मोह टाळा. त्या इतक्या हलक्या असतात की त्यांच्यावर बसलेली सवय ड्रमस्टिकवर उपयोगाला येत नाही.

दुकानात स्टिक काचेच्या काउंटरवर लोळवून पाहा. डगमगत लोळली तर ती वाकडी आहे, बाजूला ठेवा. जोडीतल्या दोन्ही स्टिक वजनाला सारख्या हव्यात. एक जड, एक हलकी असेल तर उजवा हात जे शिकला ते डाव्याला पुन्हा शिकवावं लागतं.

पकडीवर टेप गुंडाळायची असेल तर फक्त मागच्या भागावर, बुंध्याकडे. गिरकीत स्टिक बोटांमधून किंचित सरकावी लागते आणि चिकट टेपवर ती अडते. हाताला घाम येत असेल तर नॅपकिन जवळ ठेवा, पावडर मात्र लावू नका. घाम आणि पावडर मिळून जो राप तयार होतो, त्यावर स्टिक आधी चिकटते आणि मग एकदम सुटते.

अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. सराव पलंगाच्या कडेला बसून किंवा जमिनीवर गोधडी पसरून करा. स्टिक पडणारच आहे. फरशीवर पडली की टोक टवकतं, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात.

सावधान: टोकाजवळ चीर गेलेली किंवा कुसं निघालेली स्टिक फिरवू नका. वाजवताना तिच्याने फार तर स्नेअरचं कातडं खराब होईल. फिरवताना ती बोटात कूस घालते, किंवा तुटलेला तुकडा डोळ्यांच्या उंचीवरून उडतो.

## २. स्टिकवर दोन खुणा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग महिनाभर ‘माझ्या हातात बसतच नाही’ म्हणतात.

स्टिक एका बोटावर आडवी तोलून धरा. जिथे तोल साधतो तिथे पेन्सिलने रेघ मारा. ती मध्याच्या किंचित बुंध्याकडे येईल, कारण टोकाकडे स्टिक निमुळती होते. आता नेहमीसारखं वाजवा आणि तुमचा अंगठा जिथे असतो तिथे दुसरी रेघ मारा. दोन रेघांत साधारण दोन बोटांचं अंतर निघेल, कुणाचं थोडं जास्त.

वाजवायची जागा मागची, फिरवायची जागा पुढची. मागच्या रेघेवर धरून गिरकी घेतली की स्टिकचं टोक जड पडतं, अर्ध्या वाटेत झुकतं आणि बोटांना ते ओढून आणावं लागतं. म्हणजे गिरकी सुरू व्हायच्या आत हात दोन बोटं पुढे सरकायला हवा.

तो कसा सरकवायचा? दुसऱ्या हाताने ढकलून नाही. फटका मारल्यावर टोक वर उसळतं. त्या क्षणी पकड जराशी सैल केली की स्टिक स्वतःच्या वजनाने हातातून खाली सरकते आणि बोटं आपोआप तोलाच्या रेघेवर येतात. परत जाताना उलट. पुढच्या फटक्यासाठी टोक खाली झुकवताना पकड सैल करा, स्टिक पुढे सरकते आणि हात मागच्या रेघेवर येतो.

प्रॅक्टिस पॅडवर (सरावाच्या रबरी गादीवर) एवढंच करा: फटका, सरक, थांबा. परत सरक, फटका. गिरकी अजिबात नको. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

तपासणी: पॅडकडे न बघता दहा फटके मारा. प्रत्येक वेळी थांबून अंगठा कोणत्या रेघेवर आहे ते पाहा. दहात आठ वेळा रेघ सापडली तर पुढे जा.

## ३. अर्धी पलटी, आणि तीही डाव्या हाताने आधी

डावाच हात का, ते पाचव्या पायरीत कळेल. तोवर विश्वास ठेवा. तुम्ही डावखुरे असाल आणि सेट उलटा लावत असाल, तर इथून पुढे डाव्याच्या जागी उजवा वाचा.

स्टिक तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे, तोलाच्या रेघेवर धरा. बोटं समोर, स्टिक बोटांना काटकोनात. अंगठा मोकळा. तळवा जमिनीकडे करा म्हणजे स्टिक उभी राहील, टोक खाली आणि बुंधा वर. कोपर बरगडीला टेकवा. आता फक्त मनगटाखालचा हात फिरवून तळवा आकाशाकडे आणा. टोक खालून निघेल, आतल्या बाजूने, म्हणजे दुसऱ्या हाताच्या बाजूने, वर येईल. तसंच परत खाली.

‘एक’ला वर, ‘दोन’ला खाली. तोंडाने मोजा, मनात नको.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे खांदा. स्टिक पूर्ण फिरत नाही असं वाटलं की खांदा मदतीला येतो, कोपर बाहेर निघतं आणि सगळा हात हलायला लागतो. कोपराखाली घडी केलेला रुमाल दाबून धरा. तो पडला की खांदा मधे आला असं समजा.

दुसरी चूक दाबाची. दोन बोटांनी स्टिक आवळली की मनगट ताठ होतं. स्टिक पडणार नाही इतपतच दाब हवा. मनगटाच्या मागे किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ आली तर त्या दिवसापुरतं बंद करा. एका बैठकीत दहा मिनिटं भरपूर झाली. तासभर घासण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं केलेली बरी.

## ४. पूर्ण गिरकी

आता वाजवायच्या पकडीतून निघून वाजवायच्या पकडीत परत यायचं आहे. हालचाली पाच, आणि सुरुवातीला प्रत्येकीनंतर थांबायचं.

१. नेहमीच्या पकडीत, अंगठा आणि तर्जनीत धरलेली स्टिक, टोक समोर. हात तोलाच्या रेघेवर सरकलेला.

२. टोक खाली सोडा. स्टिक उभी होईल. त्याच वेळी तर्जनी उचलून स्टिकच्या अंगठ्याकडच्या बाजूला न्या. आता स्टिक तर्जनी आणि मधल्या बोटात आली, अंगठा सुटला. तळवा जमिनीकडे.

३. तिसऱ्या पायरीतली अर्धी पलटी. टोक आतून वर, तळवा आकाशाकडे.

४. टोकाकडची बाजू आता अंगठ्याजवळ उभी आहे. अंगठ्याने ती बाहेरच्या बाजूला ओढा आणि मधलं बोट सोडा. स्टिक तर्जनीवर आडवी पडते आणि अंगठा वरून तिला दाबतो.

५. अंगठा-तर्जनीच्या चिमटीतच स्टिक वळवून टोक समोर आणा आणि तळवा खाली करा. झाली वाजवायची पकड.

टोकाचा प्रवास लक्षात ठेवा: समोर, खाली, आत, वर, बाहेर, समोर. चुकलं कुठे हे कळत नसेल तर हे सहा शब्द म्हणत फिरवा. ज्या शब्दाला टोक भलतीकडे असेल, तिथेच घोळ आहे.

बहुतेकांचा घोळ चौथ्या हालचालीत असतो. अंगठा ओढतो, पण मधलं बोट सोडत नाही. मग स्टिक दोन बोटांत अडकून तिरकी उभी राहते आणि जोर लावला की उडते. मधलं बोट सोडायला भीती वाटते, कारण त्या क्षणी स्टिक खरोखर फक्त अंगठा आणि तर्जनीवर असते. उपाय एकच: ही चौथी हालचाल वेगळी काढून करा. पलटी नको, फिरवणं नको. तळवा वर, स्टिक उभी, अंगठा ओढ, बोट सोड, थांब. अंगठ्याला भरवसा आला की बाकीची गिरकी तिच्याभोवती आपोआप जुळते.

दुसरी अडचण पाचव्यात. टोक समोर येण्याआधीच तळवा खाली फिरवला तर स्टिक अंगाकडे येते, प्रसंगी हनुवटीला लागते. आधी टोक समोर, मग तळवा खाली.

वेग आत्ता विसरा. थांबत थांबत केलेली गिरकी गोल दिसायला लागली की थांबे एकेक करून काढा. उलट करणारे पुष्कळ आहेत, आधी वेग आणि मग सफाई. त्यांची गिरकी व्हिडिओत पाहिली की स्टिक फिरण्याऐवजी हातात धडपडताना दिसते.

तपासणी: मोबाइल समोर उभा करून व्हिडिओ घ्या. स्टिक बघू नका, चेहरा बघा. डोळे स्टिककडे असतील तर गिरकी अजून पाठ झालेली नाही. समोर कुठेतरी नजर ठेवून सलग दहा गिरक्या निघाल्या की पुढची पायरी.

बोटांवरून स्टिक चालवत करंगळीपर्यंत नेण्याची करामत इथे मुद्दाम घेतलेली नाही. दिसायला छान आहे, पण करंगळीवरून वाजवायच्या पकडीत परत यायला इतका वेळ जातो की चालू गाण्यात तिला जागाच मिळत नाही. हौस म्हणून शिका.

## ५. वेळाचा हिशोब

मेट्रोनोम १२० वर म्हणजे एका बीटला अर्धा सेकंद. उजवा हात हाय-हॅटवर आठ वाजवतोय, म्हणजे दोन फटक्यांत पाव सेकंद. त्यात गिरकी बसत नाही. डावा हात मात्र २ ला स्नेअर मारतो आणि थेट ४ ला. मधे पूर्ण एक सेकंद. साध्या ठेक्यात मोकळा हात डावा असतो. अख्खं जग उजव्या हाताने गिरकी शिकतं आणि सेटवर बसल्यावर तिला जागा कुठे आहे ते शोधत बसतं.

तो सेकंदही पूर्ण तुमचा नाही. स्नेअरवर २ मारला, उसळीत सरक. ‘दोन आणि’च्या ‘आणि’ला गिरकी सुरू. ‘तीन आणि’च्या ‘आणि’ला स्टिक पकडीत आणि टोक समोर. उरलेला अर्धा बीट हात स्नेअरवर तयार, वाट बघत. हा अर्धा बीट खाऊ नका. गिरकी ४ च्या अगदी तोंडावर संपली तर स्नेअर पडेल, पण पोकळ पडेल, कारण हात वर जायला वेळच मिळणार नाही.

पॅडवर, मेट्रोनोम ६० वर, फक्त डावा हात: २ ला फटका, गिरकी, ४ ला फटका. दोन फटक्यांत दोन सेकंद आहेत, भरपूर. चार-चार बीटच्या आठ फेऱ्या न चुकता झाल्या की ५ ने वाढवा. चुकलं तर १० ने कमी करा. कुठल्याही वेगाला ४ चा फटका क्लिकच्या मागे पडायला लागला की तुमची सध्याची हद्द तीच. त्या वेगाच्या वरच्या गाण्यात गिरकी नको.

## ६. सेटवर

आधी फक्त पाय. बेस १ आणि ३, डाव्या पायाने हाय-हॅटचं पेडल प्रत्येक बीटला. वरती डाव्या हाताची गिरकी. उजवा हात मांडीवर. पाय गिरकीबरोबर मंदावतो, हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. मोठ्याने मोजलं की सुटतं. मग उजवा हात घाला, आधी चार, नंतर आठ.

जागा बघून घ्या. डाव्या हाताचं टोक खाली जातं तेव्हा स्नेअरच्या रिमला (कडेच्या कड्याला) किंवा हाय-हॅटच्या दांड्याला लागतं का? लागत असेल तर सेट हलवू नका. गिरकीसाठी हात वीतभर वर आणि थोडा बाहेर घ्या. लोकांना दिसतेही त्याच उंचीवर. मांडीजवळ घेतलेली गिरकी टॉमच्या (सेटमधल्या बाकीच्या ड्रमच्या) मागे लपते, मग करायची कशाला?

गाण्यात पहिली गिरकी शेवटच्या क्रॅशनंतर, म्हणजे मोठ्या झांजेवरच्या फटक्यानंतर, टाका. क्रॅश घुमत असतो, हात मोकळे असतात, चुकलं तरी ठेका बिघडत नाही. दुसरी सोपी जागा म्हणजे सुरुवातीचे चार काउंट: उजवी स्टिक डावीवर आपटून चार मोजायच्या आधीची गिरकी. त्या दोन सरावल्या की चालू ठेक्यात, आणि तीही कडव्याच्या सरळ भागात. फिलच्या (ठेका सोडून वाजवायच्या छोट्या तुकड्याच्या) आधीच्या बारमध्ये घेऊ नका, तिथे डोकं पुढच्या फिलमध्ये असतं. गायक हळू आवाजात गात असताना तर नकोच. दर बारला गिरकी घेणाऱ्याकडे तिसऱ्या बारनंतर कुणी बघत नाही.

उजव्या हाताची गिरकी याच क्रमाने नंतर शिका, शेवटच्या क्रॅशसाठी.

## ७. फेक

स्टिक हवेत फेकायची घाई सगळ्यांना असते. चौथी आणि पाचवी पायरी होईपर्यंत नको. झाल्यावरही आधी हे आकडे बघा. स्टिक किती वेळ हवेत राहणार हे उंचीवरून ठरतं. अर्धा सेकंद हवेत राहायची तर हातापासून साधारण ३० सेंटिमीटर वर जावी लागते. पूर्ण एक सेकंद, तर सव्वा मीटर. म्हणजे उंची मूडवर नाही, गाण्याच्या वेगावर ठरते. १२० च्या गाण्यात एका बीटसाठी हातभर उंच फेकली की ती उशिरा येणार, तुम्ही कितीही चपळ असा.

फेक मोकळ्या मैदानात किंवा गच्चीवर शिका. घरात सव्वा मीटरची फेक म्हणजे थेट पंख्यात. आधी न फिरवता, स्टिक आडवीच सरळ वर टाकून झेला, म्हणजे उंची हाताला कळते. मग एकच वळसा. बुंध्याकडे पांढऱ्या टेपचा एक वेढा द्या. हवेत टोक कुठे आणि बुंधा कुठे हे त्यावरून दिसतं. झेलायला हात वर नेऊ नका. जिथून सोडली तिथेच हात उघडा ठेवा आणि स्टिक येऊ द्या. वर जाऊन हिसकावली की बुंधा हातात येतो आणि बोटांच्या पेरांवर बसतो.

अमेरिकेतल्या ड्रम कोअरमध्ये (संचलन करत वाजवणाऱ्या पथकांमध्ये) किंवा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या टॉप सीक्रेट ड्रम कोअरमध्ये रांगेतले सगळे एकदम स्टिक उडवतात. त्यांचे व्हिडिओ बघाल तेव्हा स्टिकऐवजी पायांकडे बघा. मोजणी तिथे चालू असते.

सावधान: स्टेजवर वरचे दिवे थेट डोळ्यांत येतात. फेकलेली स्टिक त्या उजेडात गायब होते. साउंडचेकच्या वेळी, दिवे लावून, एकदा फेकून बघा. दिसली नाही तर त्या दिवशी फेक रद्द. मिरवणुकीत, गर्दीत, लहान मुलं अगदी जवळ असताना फेक करायचीच नाही. ढोलाच्या टिपरूलाही हेच लागू.

## ८. स्टिक पडली तर

पडेल. त्याची तयारी सेट लावतानाच करायची. फ्लोअर टॉमला (उजवीकडे जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमला) स्टिकची पिशवी लटकवा, तोंड तुमच्याकडे, बुंधे वर. हाय-हॅटच्या दांड्यालाही दोन स्टिकचा क्लिप लावा, कारण पडणारी स्टिक बहुधा डावी असते आणि डाव्या हाताला फ्लोअर टॉम लांब पडतो.

पडल्यावर खाली बघायचं नाही, वाकायचं नाही. बेस आणि हाय-हॅट चालू ठेवा. एखादा स्नेअर चुकणार असेल तर उजव्या हाताने हाय-हॅट सोडून तो मारा. डावा हात क्लिपकडे, स्टिक उचला, पुढच्या १ ला आत या. हेही सरावातलंच आहे. घरी ठेका चालू असताना मुद्दाम स्टिक सोडा आणि क्लिपमधली घेऊन दोन बारच्या आत परत या. जमिनीवर पडलेली स्टिक गाणं संपेपर्यंत तिथेच राहू द्या. मात्र ती बेसच्या पेडलखाली घरंगळली असेल तर पायाने बाजूला सारा, नाहीतर पेडल अडेल.